ओझं खाली ठेवणारा

भाषण कितीही रंगलं तरी आक्का टाळ्या वाजवत नसत. सगळा हॉल कडाडत असताना त्या हात मांडीखाली दाबून शांत बसत. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "टाळ्या चालू झाल्या की डोकं थांबतं. आधी कळू दे, मग वाजवू की."

मुरूमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या आम्हाला इतिहास शिकवत. आमच्या गावातल्या मोठ्या जमीनदार घरातल्या त्या थोरल्या लेक, म्हणून गावानं 'आक्का' म्हटलं आणि वर्गानंही तेच उचललं.

अकरावीत त्यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धची जुनी भाषणं स्वतः मराठीत करून आणली आणि आम्हाला भांडायला लावलं. निम्मा वर्ग म्हणाला, ही भाषणं करणारी देवमाणसं. उरलेल्यांना त्यांत नुसती दया दिसली. मी दुसऱ्या गटात होते. आक्कांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. "समोर कोण बसलंय ते बघा. गुलाम पाळणारी माणसं. त्यांच्यापुढं हा उभा राहिला, त्याचा मान ठेवा. आन् जे चुकीचं बोलला, त्याचा जाबबी विचारा. एकासाठी दुसरं सोडू नका."

हे आमच्यापुरतं राहिलं असतं तर सोपं होतं. पण निजामाच्या काळात आक्कांच्या आजोबांनी गावातली वेठ, म्हणजे फुकटात राबवून घेणं, बंद केली होती. पारावर केलेलं त्यांचं भाषण दर मराठवाडा मुक्तिदिनाला आक्कांचे धाकटे भाऊ आप्पा वाचून दाखवत. त्यात एक वाक्य होतं : 'ही माणसं जनावरासारखी भोळी, त्यांना सांभाळणं आपला धर्म.' त्या वर्षी गावातली पोरं त्यावर बिथरली. आप्पा म्हणाले, "गाळून टाकू."

"गाळायचं न्हाय," आक्का म्हणाल्या. "वाच. आन् त्यावर ही पोरगी बोलंल." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. माझे पणजोबा त्याच घराची वेठ करत.

माझे वडील घाबरले. आमच्या तुकड्याला पाणी आप्पांच्या विहिरीचं. आक्का आमच्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या. "तुमची भीती खोटी न्हाय. काय होणार न्हाय असा शब्द म्या देत न्हाय. पण पोरीशेजारी म्या उभी राहीन." मग वडील मला म्हणाले, "बोलायचंच असंल तर माझ्या आज्याचं नीट सांग."

मुक्तिदिनाला आप्पांनी ते वाक्य खाली मान घालून वाचलं. मग मी उठले. आक्का खरंच शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "आजोबांनी वेठ थांबवली, त्यांचे उपकार आम्ही विसरलो नाही. पण माझा पणजोबा भोळं जनावर नव्हता. या भाषणाच्या आधी तोच डोक्यावरचं ओझं रस्त्यात ठेवून बसला होता. मार खाल्ला, पण उठला नाही. त्याला बघून बाकीचे बसले. आजोबा बोलले ते त्यानंतर."

आप्पा उठून निघून गेले.

त्यांनी आमचं पाणी तोडलं नाही, पण बहिणीशी बोलणं तोडलं. भाऊबीजेला आक्का ताट तयार करून संध्याकाळभर बसल्या. शेवटी निरांजन विझलं. मला वाईट वाटलेलं बघून म्हणाल्या, "त्याला येळ लागंल. मलाबी लई लागला. आपल्याच आज्याला जाब विचारायचा म्हणजे काय खेळ हाय का?"

तो वेळ बहीणभावाला मिळाला नाही. गेल्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. मातीला आप्पा सगळ्यांत मागं उभे होते.

यंदाच्या मुक्तिदिनाला ते पारावर आले. चष्मा पुसून त्यांनी आजोबांचं भाषण सगळं वाचलं, ते वाक्यसुद्धा. कागद खाली ठेवला आणि गर्दीत माझ्या वडिलांना शोधलं.

"तुमच्या आज्याचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "वर या. तुम्ही सांगा."

आयुष्यात चार माणसांपुढं तोंड न उघडलेले माझे वडील उठले, पारावर चढले आणि बोलू लागले.