शंकरभाऊच्या घरचा स्पीकर

शंकरभाऊ गेला आणि माझ्याकडे फक्त तबला उरला.

सांगतो. फेसबुकवरच्या नवीन मित्रांना हा प्रकार माहीत नाही.

बाभुळगावला गल्लीत आमची घरं समोरासमोर. तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर, मी शाळेत चित्रकला मास्तर. दोघांत मिळून एक जुना स्टिरिओ अँप्लिफायर, माझ्या घरी कॅसेट प्लेयरला जोडलेला. लाकडी बॉक्स, स्टीलची बटणं, डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन सुया. वजन असं की उचलणाऱ्याने कंबरच धरावी.

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिनिंग बंद पडलेली. गावात सारखा कोणाकडे तरी दुखवटा, आणि दुखवटा असला की आमच्या गल्लीत कोणी मोठ्याने गाणी लावत नाही. हा नियम कोणी केला नाही, पण पाळतात सगळे.

म्हणून शंकरभाऊने डोकं चालवलं. गल्लीवरून वायर ओढली. डावा स्पीकर त्याच्या भिंतीवर, उजवा माझ्या. आपापल्या घरी हळू आवाजात ऐकायचं.

आता जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गळा एकीकडे आणि वाद्यं दुसरीकडे असतात, हे आम्हा दोन शहाण्यांना कुठे ठाऊक. गाणारा त्याच्या घरी गेला. तबला-पेटी माझ्या घरी.

मी म्हणायचो, काय ठेका आहे. तो विचारायचा, कोणता ठेका?

शेवटी गाणं अर्ध्यावर आलं की तो टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडे यायचा. तबला ऐकायला. वर चहा माझाच.

पुढे यवतमाळच्या एका मेकॅनिकने मोनोचं बटण दाखवलं. ते दाबलं की दोन्ही घरी पूर्ण गाणं. मी दाबायला गेलो तर शंकरभाऊने हात धरला.

"राहू दे मास्तर. मंग मी तुह्याकडे कायले येऊ?"

बटण तसंच राहिलं.

काम सुटलेल्या माणसाला दिवस खायला उठतो. तो उगाच अँप्लिफायर उघडून बसायचा. साफसफाई झाली की टेस्टिंग. मी इकडे बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवायचो, तो त्याच्या घरातून ओरडून सांगायचा, आवाज येऊन राह्यला की नाही. एकट्याने होणारं ते कामच नव्हतं.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी तो हार्ट अटॅकने गेला.

वहिनी मुलीकडे पुसदला गेल्या. घराला कुलूप. जाताना म्हणाल्या, स्पीकर काढून देऊ का? मी नको म्हटलं.

नंतर एकदाच कॅसेट लावली. घरभर नुसता तबला. सहन झालं नाही, बंद केली.

आज पुन्हा लावली, तर डावी सुई हलेना. तबला माझ्याकडे होताच, पण शंकरभाऊची बाजू मेलेली. आजच्या दिवशी तरी ती चालू व्हावी, एवढंच मनात होतं.

प्लग काढला. थोडं थांबलो, कारण आत करंट साठून राहतो. ही त्याचीच शिकवण. मग झाकण उघडलं, धूळ झाडली, बटणांच्या मागे सफाईचा स्प्रे मारला आणि एकेक बटण गरागरा फिरवलं. मग प्लग लावून कॅसेट पुन्हा चालू केली.

सुई हलली.

पण सुई हलली म्हणजे आवाज डब्यातून निघाला, एवढंच. वायर माकडांनी तोडली असेल तर? पोचला की नाही, हे तिकडूनच कोणीतरी सांगायला पाहिजे.

सवयीने हाक निघून गेली. "शंकरभाऊ, येऊन राह्यला का रे?"

इतकं एकटं मला स्मशानातही वाटलं नव्हतं.

बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवला. माझं घर गप्प झालं. चप्पल घातली, गल्ली ओलांडली आणि त्याच्या कुलूपबंद दाराला कान लावला.

आत गाणं चालू होतं. नुसता गळा. ना तबला, ना पेटी, ना ऐकायला माणूस.

ओट्यावर बसलो. रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलं, मास्तर, इथं काहून बसले? म्हटलं, गाणं ऐकतो. तो माझ्याकडे बघत पुढे गेला.

कॅसेटची बाजू संपेपर्यंत बसलो होतो. इतक्या वर्षांत त्याच्या बाजूचं गाणं मी आज पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

शंकरभाऊ, वायर शाबूत आहे. तुह्या घरी आवाज येऊन राह्यला.

मास्तरचा रामराम घे, भाऊ.