बाबा पास झाले

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही हे आमच्या अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. फक्त सरकारला ते मान्य नव्हतं. ‘सवलतीस पात्र नाही’ असं पत्र आलं तेव्हा मी ते बाबांना वाचून दाखवलं, म्हणजे ओरडून दाखवलं. समोरच्या बाईंनी लगेच दार किलकिलं केलं. ही सून उठल्यासुटल्या सासऱ्यावर ओरडते, असं त्यांचं कधीपासूनचं मत आहे. खुलासे करायचं मी सोडून दिलंय.

सरकारी रुग्णालयातल्या तपासणीत बाबांचं अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली भरलं होतं. वर भरलं असतं तर कार्ड मिळालं असतं, आणि त्या कार्डावर कानाचं मशीन. आम्हाला ते मशीन हवं होतं, आणि लवकर हवं होतं. मागे एकदा बाबा कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते. न्हावा शेव्याकडे जाणारा ट्रेलर मागून हॉर्न देत आला आणि हे रस्त्याच्या मधून आपल्याच तंद्रीत चाललेले. भाजीवाल्याने दंड धरून ओढलं म्हणून वाचले. घरी येऊन मला म्हणाले, हल्लीचे भाजीवाले उगाच अंगाला हात लावतात. ट्रेलर आला होता हे त्यांना कळलंच नव्हतं. भाजीवाल्याने संध्याकाळी मला सगळं सांगितलं. तेव्हापासून दूध मी आणते आणि बाबा त्यावरून माझ्यावर रुसतात.

नवरा बंदरावर शिफ्टमध्ये असतो. शिवाय ‘तुला बोलता छान येतं’ हे त्याचं लाडकं वाक्य आहे. त्यामुळे घरातली सगळी सरकारी कामं माझ्याकडे येतात. पत्र पिशवीत घालून मी एकटीच रुग्णालयाच्या ऑफिसात गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी कागद शोधून काढला आणि शांतपणे म्हणाले, “ताई, आवाज दिला की यांनी हात वर केलाय. इथे दिसतंय ना. आम्ही तरी काय करणार?”

मी म्हटलं, तपासणीचं मशीन बिघडलं असेल. मी म्हटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद असेल. नंतर आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही. मग फेरतपासणीचा अर्ज केला. अर्जाला कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते हे दुसऱ्या खेपेला कळलं, आणि त्या चिठ्ठीवर शिक्का लागतो हे तिसऱ्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे लहानपणापासून ऐकलेलं होतं. पण थांबायचं म्हणजे बसून नाही, सारखं जाऊन-येऊन थांबायचं, हे तेव्हा कळलं. घरी आले की मला कुणाशी बोलायची इच्छा उरत नसे, आणि घरात ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे.

अखेर फेरतपासणीची तारीख मिळाली. बाबा चहा घेत होते. मी त्यांच्या समोर बसून सांगितलं, “बाबा, परत जायचंय. कान तपासायला.”

त्यांनी कप खाली ठेवला. “परत कशाला? मी पास झालो ना?”

बाबा तळोज्याच्या कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी काम करायचे. कान तिथेच गेले. दरवर्षी कंपनीत तपासणी व्हायची. ज्याचे कान गेलेले सापडत त्याला त्या शेडमधून हलवत, आणि कंत्राटी असला तर सरळ घरी पाठवत. बाबा कंत्राटीच होते.

“आमी सगले पास व्हायचो,” ते सांगू लागले. “काचेतून बगायचा. बटन दाबताना तपासनाऱ्याचा कोपर हालला का आपला हात वर. पन पयल्या दोन टायमाला नाय करायचा, नायतर त्याला डाऊट येतो.”

“आणि आत्ताही तुम्ही तसंच केलंत?”

“मंग? नापास होऊ?”

हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की मला रागावताही येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझ्या डोळ्यांसमोर ते टेबलामागचे गृहस्थ उभे राहिले. त्यांना मी काय काय बोलले होते ते एकेक आठवायला लागलं आणि मी कपबशा उचलून आत गेले.

रात्रीच्या जेवणाआधी मी पुन्हा त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, यावेळी नापास व्हायचंय. खोटं काही करायचं नाही, फक्त बघायचं नाही. कंपनी बंद होऊन जमाना झालाय, हे त्यांनाही माहीत होतं. तरी म्हणाले, “सवय हाय गो बाय. हात आपोआप वर जातो.” मग स्वतःच तोड काढली, “डोले मिटून बसतो.”

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तपासणीच्या बाईंना मी कोपराची गोष्ट आधीच सांगून टाकली. त्या हसल्या आणि मला काचेपाशी आपल्या शेजारी उभं राहू दिलं. आत बाबा कानांवर हेडफोन लावून, डोळे घट्ट मिटून, हात मांडीवर ठेवून बसले. बाई बटण दाबत, आवाज चालू असल्याचा छोटा दिवा लागे, मग त्या आवाज थोडा वाढवत आणि पुन्हा दाबत. असं बरंच झालं. आता मोठा आवाज आहे, असं त्या मला हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. “म्याडम, करा चालू. मी तयार हाय.”

बाईंचं बोट बटणावरच होतं आणि दिवा लागलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आवाज आणखी वाढवला. टक्के भरपूर भरणार हे तिथेच कळलं. ज्यासाठी एवढ्या खेपा घातल्या ते मिळणार होतं. आणि मी मात्र काचेला हात लावून मनात म्हणत होते, बाबा, हात वर करा. कार्ड गेलं खड्ड्यात, एकदा तरी हात वर करा.

त्यांचे हात मांडीवरच राहिले.