लाइनीवर आमची सून

मी मेथी निवडत बसले होते. सून गॅलरीत फोनवर बोलत होती. बोलणं संपल्यावर ती आत आली, माझ्यासमोर खालीच बसली आणि म्हणाली, "आई, फायनल मिळाली."

"कसली गं?"

"कपाची. देशाची फायनल. पुरुषांची."

पेपर वाचत असलेल्या आमच्या ह्यांनी चष्मा काढला. "लाइनीवर?"

"हो बाबा, लाइनीवर."

हे उठून आत गेले आणि फ्रिजमधून श्रीखंडाचा डबा घेऊन आले. सकाळचे दहा वाजले असतील, पण आम्ही तिघांनी तिथेच, मेथीच्या पसाऱ्यात, श्रीखंड खाल्लं.

फुटबॉल म्हटलं की लोकांना वाटतं सून खेळते. कॉलेजात खेळायची, पण गुडघा दुखावला आणि ते सुटलं. मग तिने पंच व्हायच्या परीक्षा दिल्या. मैदानाच्या कडेने हातात झेंडा घेऊन धावतात ना, ते सहायक पंच, त्यातली ती एक. एरवी आमच्या बडोद्यात, अकोट्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. लग्न ठरवायला आम्ही तिला भेटलो तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "शनिवार-रविवार माझ्या मॅचेस असतात, मी घरी सापडणार नाही." मी पस्तीस वर्षं गुजराती शाळेत मराठी मुलांच्या आणि मराठी घरात गुजराती पाहुण्यांच्या तैनातीत काढलेली बाई. मला तिचं ते सरळ बोलणं फार आवडलं.

आमचा मुलगा दहेज गावातल्या कारखान्यात शिफ्टमध्ये असतो. त्यामुळे तिच्या तयारीत आम्ही म्हातारा-म्हातारीच जास्त गुंतलो. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना काम हवंच होतं. पहाटे हे तिला स्कूटरवरून मैदानावर न्यायचे. ती आडवी धावायची, तोंड मैदानाकडे आणि पाय खेकड्यासारखे कडेने, आणि हे घड्याळ धरून उभे राहायचे.

तिच्या वरच्या परीक्षेच्या आधी एका रविवारी तिने आम्हाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं केलं. ऑफसाइड आम्हाला समजत नाही हे तिला सहन होत नव्हतं. दोन स्कूटरच्या मधली जागा म्हणजे गोल. हे गोलकीपर. मी गोलच्या रेषेवर, बचाव करणारी. शेजारच्या गुजराती बेन भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या, त्यांना तिने धरलं आणि हल्ला करणारी केलं.

"बेन, तुमच्याकडे पास येतोय. तुमच्या आणि गोलच्या मध्ये निदान दोन जण हवेत. आत्ता कोण आहे?"

"काका अने काकी," बेन म्हणाल्या.

"बराबर. म्हणजे ऑफसाइड नाही. बाबा, आता तुम्ही चालत पुढे या, बेनच्या पण पुढे. आता मागे कोण राहिलं?"

"एकली काकी."

"म्हणजे ऑफसाइड! काकी रेषेवर असल्या तरी. सगळे लोक गोलकीपरला मोजायलाच विसरतात."

बेननी पिशवी खाली ठेवली आणि परत एकदा करून बघूया म्हणाल्या. आम्ही चार-पाच वेळा केलं.

फायनल ज्या शहरात होती तिथे आम्ही दोघंच गेलो. मुलाला सुट्टी मिळाली नाही. सून दोन दिवस आधीच गेली होती, पंचांचं हॉटेल वेगळं असतं, आणि तिथे भेटायचं नाही हे तिने बजावलं होतं. आणखी एक गोष्ट बजावली होती. "आई, स्टेडियममध्ये कुणाला सांगायचं नाही. बाबांनाही सांगा. तिथे मी कुणाची सून नाही."

सामना देशातल्या पहिल्या फळीच्या दोन क्लबांमध्ये होता. एक त्याच शहराचा, पांढऱ्या शर्टांचा. दुसरा पूर्वेकडून आलेला, लाल शर्टांचा. स्टेडियम पांढऱ्याने भरलेलं. माझी साडी नेमकी लाल काठाची होती, तेवढीच मला धाकधूक. शेजारी एक तरुण होता, गालावर पांढरे पट्टे ओढलेले. त्याने आम्हाला बघून जागा करून दिली, शेंगदाण्याची पुडी पुढे केली. "अंकल, किसके साथ?"

"हम तो देखने आए हैं," हे म्हणाले. खोटं नव्हतं.

संघ बाहेर आले तेव्हा मला खेळाडू दिसलेच नाहीत. पंचांमध्ये ती होती, केस घट्ट बांधलेले, मोजे गुडघ्यापर्यंत. उंच उंच पुरुषांच्या रांगेत ती लहान दिसत होती. आणि नशीब असं की ती आमच्याच बाजूच्या लाइनीवर आली. सहायक पंच आपल्या अर्ध्याच भागात धावतो, त्यामुळे ती सगळा वेळ आमच्या समोर राहणार होती. ह्यांनी माझा हात दाबला.

पहिल्या अर्ध्यात तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. लालांनी गोल केला, मग पांढऱ्यांनी फेडला. ती आडवी धावत होती, थांबत होती, परत धावत होती. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या आणि पांढरे तिच्या टोकाला हल्ला करू लागले.

सामना संपत आला होता. पांढऱ्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू आला, लालांचा गोलकीपर गर्दीत पुढे झेपावला, बुक्की मारून चेंडू लांब लोटला आणि तिथेच आडवा पडला. चेंडू एका पांढऱ्याकडे गेला. त्याने तो परत गोलकडे ढकलला, आणि गोलजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या पांढऱ्याने नुसता पाय लावला. चेंडू जाळ्यात.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. शेजारचा तरुण ह्यांच्या गळ्यात पडला. त्याच्या खांद्यावरून मला सून दिसत होती. ती जागेवर ताठ उभी होती. झेंडा वर.

हळूहळू सगळ्यांना तो झेंडा दिसला, आणि तो आवाज उलटला.

"अरे डिफेंडर लाइन पे खड़ा है! अंधी है क्या?" मागून कुणीतरी ओरडलं. "मॅडम, घर जाओ! रोटी बनाओ!" आणि त्याहून वाईट पुष्कळ, जे मी लिहिणार नाही. पाण्याची एक बाटली तिच्या पायापासून थोड्या अंतरावर पडली. पांढरे खेळाडू धावत तिच्याकडे गेले, चौघं-पाचजण, हातवारे करत. मुख्य पंच मध्ये आले. ती एक पाऊलही मागे सरली नाही. पंचांशी काहीतरी दोन वाक्यं बोलली. झेंडा तसाच.

हे उठायला लागले. कान लालबुंद झाले होते. मी त्यांची बाही धरली. "बसा. तिने सांगितलंय ने."

"पण हे लोक काय बोलतायत..."

"बसा. ती बरोबर आहे."

मला ते दिसलं होतं. गोलकीपर पुढे पडलेला, मागे रेषेवर एकटा बचावपटू. पार्किंगमधली मी. ओरडणाऱ्या त्या सगळ्या लोकांमध्ये माझा ऊर भरून आला. गोल रद्द झाला.

जादा वेळ सुरू होण्याआधी खेळाडू पाणी पीत होते. शेजारचा तरुण फोनवर तोच क्षण पुन्हा पुन्हा बघत होता. "देखो आंटी," त्याने फोन माझ्यापुढे धरला, "डिफेंडर लाइन पे। साफ दिख रहा है।"

"गोलकीपर कहाँ है?" मी विचारलं.

"वो तो आगे गिरा है।"

"तो पीछे कितने बचे? दो चाहिए।"

त्याने चित्र थांबवलं. बोट ठेवून मोजलं. परत मोजलं. मग म्हणाला, "सही दिया उसने।" आणि माझ्याकडे वळून, "आपको कैसे पता?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "सांग आता."

"हमारी बहू है," मी लाइनीकडे बोट दाखवलं. "उसी ने सिखाया।"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "तो आप इतनी देर चुप कैसे बैठे?"

मी डोळ्यांना पदर लावला. तो म्हणाला, "सॉरी आंटी। मैंने भी बहुत बोला।" मग मागे वळून ओरडणाऱ्यांना त्याने फोन दाखवला आणि गोलकीपर मोजायला लावला. सगळ्यांना पटलं असं नाही. पण आमच्या मागच्या दोन रांगा तरी गप्प झाल्या.

जादा वेळेत काही झालं नाही. पेनल्टीत पांढरे हरले. तो तरुण रडला, गालावरचे पट्टे ओघळले. पण बक्षिसांच्या वेळी पंचांना आधी बोलावलं, तेव्हा निम्मं स्टेडियम उठून चाललेलं असताना तो आमच्याबरोबर उभा राहिला आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिला. सुनेने मान खाली करून पदक घालून घेतलं. तिने वर आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही कुठे बसलोय हे तिला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी सुनेला विचारलं, "ते सगळे अंगावर आले तेव्हा भीती नाही वाटली?"

"तेव्हा नाही. झेंडा वर करायच्या आधी वाटली, पापणी लवते तेवढा वेळ. मग हात वरच गेला." तिने डब्यातला ठेपला उचलला. "पंचांनी फक्त एवढंच विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. कीपर बाहेर आहे."

पदक तिने मोज्यात गुंडाळून बॅगेत टाकलं होतं. ह्यांनी ते शोधून काढलं आणि गळ्यात घातलं. बडोदा आलं तरी काढेनात. सून म्हणाली, "बाबा, लोक बघतायत."

"बघू देत."

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने ह्यांच्या गळ्यातलं पदक पाहून विचारलं, "काका, शुं जीत्या?"

"हुं नहीं, मारी वहु," हे म्हणाले.

"एम? कई टीममां रमे छे?" त्यालाही वाटलं, ती खेळते.

"एकेयमां नहीं. झेंडो लईने लाइन पर होय छे. काले फायनलमां हती."

त्याने मागे वळून सुनेला नीट बघून घेतलं. तिने नुसती मान हलवली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्याने हात पुढे केला. ह्यांनी गळ्यातलं पदक काढून त्याला दिलं. त्याने ते तळहातावर तोललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि दोन्ही हातांनी परत केलं, ह्यांना नाही, तिला.