जिथं कोनी मरत नाही त्या गावाचं पुस्तक

अकोल्याच्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात तिघंच होतो. मी, माहा बुढा म्हनजे मालक, अन् लेकाची पोरगी, जे कॉलेजसाठी आमच्याजवळ राहे. लेक अन् सून अमरावतीले, नोकरीवर. दुसरं कोनी नोतं. म्हनून जे झालं ते घराबाहेर कोनाले ठाऊक नाही, अन् आमा तिघातला एक आता नाही.

बुढ्याले लकवा मारला त्याले तवा सहा वर्सं झाल्ती. उजवं अंग गेलं. जबान राहिली, कान राहिले, पन डोये अक्षर धरत नोते. हे त्याले लय लागलं, कारन बुढा वाचनारा मानूस. आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, तर लय वर्सं तोच वाचे. दुसरे अटकत अटकत वाचत. हा वाचाले बसला की लहान पोरं बी चूप बसत. वाचून झालं की चष्मा पुसे अन् म्हने, "सरग नाही, नरक नाही. मेल्यावरचं गाव कोनी पाह्यलं नाही. जे हाय ते इथंच हाय."

आता इथंच म्हनजे बाज. बाजेच्या एका बाजूले भिताड, दुसऱ्या बाजूले मी.

सहा वर्सांत मी बाळापूरले माहेरी एकदाच गेली, माय वारली तवा. सकाळी गेली अन् दुपारी परत आली, कारन त्याची कूस बदलवाची होती. दर दोन घंट्यानं बदलवा लागे, नाही तर पाठीले जखम पडते. सकाळी अंग पुसनं, चादर धुनं, घास भरवनं. रडली नाही. काम होतं ते केलं. खिडकीतून दर्यापूरची बस जाताना दिसे, तर तिच्यात बायांच्या बाजूले कोन बसलं हाय, हे मातर पाहत राहे.

त्या उन्हाळ्यात पोरीनं कॉलेजातून एक जाड पुस्तक आनलं. सारं मनानं रचलेलं, पन लय गोड. मीठ वाहनारा एक मानूस हाय. तो एक दिवस डोंगरावरून पाहते, तर मोठ्या पान्यापल्याड एक गाव दिसते. तिथं झाडाचं पान गळत नाही, मानसाचे केस पिकत नाही, कोनी मरत नाही. पन आपल्यासारख्याले तिथं जायची बंदी. त्या मानसाचं मन तिथं लागते अन् तो घर सोडून निंघते.

रोज दुपारी पोरगी वाचे. बुढा म्हने, "कूलर बंद कर, आयकू येत नाही." अकोल्याचं ऊन, अन् आमी तिघं घामानं वले होऊन आयकत बसू.

मी एक दिवस इचारलं, "त्याच्या बायकोचं काय झालं वं पोरी?"

"आजी, ते पहिल्याच पानावर हाय. त्याले भाकर बांधून देते ना, बस. पुढं तिचं काही नाही."

"काहीच नाही?"

"तू चूप राह्य वं," बुढा म्हने. "तो मानूस तिकडं डोंगर चढून राहिला अन् तुले बायकोचं पडलं."

बुढ्याचं ध्यान त्या गावातच. एक दिवस मी त्याले घास भरवून राहिली होती, तर म्हन्ते, "तिथं गेलो तर माहा हात हालन काय?"

मी म्हन्लं, "तुमीच सांगत होते ना, असं गाव नसते."

"नसते तं नसते. पाहाले काय जाते?"

मंग पोरीची परीक्षा झाली अन् तिले मायनं अमरावतीले बोलावलं. शेवटचा भाग राहिलाच होता. पोरगी म्हने, "आजी, तू वाच. पंधरा दिवसानं येतो तवा पुस्तक परत करून देईन."

बुढा हासला. "तुही आजी वाचीन? हिची बसची पाटी वाचून होईस्तोवर बस निंघून जाते."

मी दुसरीपर्यंत शाळेत गेल्ती. बरोबरच बोलला तो. पन पोरगी गेली अन् त्यानं जेवन सोडलं. दोन घास घे अन् तोंड फिरवे. म्हने, "आधी त्याले पल्याड पोचव."

अशानं तो जगत नोता. म्हनून मी सकाळी सैपाकघरात बसून, अक्षराखाली बोट ठेवून आधी एकलीच वाचू लागली. जोडाक्षर आलं की थांबू, पुढं जाऊ, मागं येऊ. चार दिवस लागले. चवथ्या दिवशी समजलं. तो मानूस पान्याजवळ पोचते. नाव येते. नाववाली बाई त्याले पानी पाजते अन् म्हन्ते, हे तुह्यासाठी नाही. नाव परत जाते. तो तिथंच काठावर बसते, तिकडं पाहत पाहत म्हातारा होते अन् मरते.

मी भाकरीचा तवा उतरवून ठेवला. हे बाजेवरच्या मानसाले कसं सांगू?

दुपारी कूलर बंद केला. पुस्तक मांडीवर घेतलं अन् वाचल्यासारखं बोलाले लागली. नाव आली, बाईनं हात दिला, तो बसला. पान्याले लाटा नोत्या. पल्याड उतरला तर लोकायनं त्याले पाय धुवाले पानी देल्लं. त्याचं खांद्याचं दुखनं गेलं. मले बी माहीत नोतं का मले एवळं बोलता येते.

बुढा डोये मिटून आयकत होता. लय वेळानं म्हने, "तू वाचून राहिली का सांगून राहिली?"

"वाचूनच राहिली."

"पान पलटवलं नाहीस तू. एकबी नाही."

सारी उमर वाचनारा मानूस तो, पानाचा आवाज त्याले समजनारच. मले पान पलटवायचं सुचलंच नाही.

वाटलं, आता हा चिडते. तर तो म्हन्ते, "पुस्तकात काय हाय, ते नोको सांगू." जराशानं इचारलं, "तिथं त्यानं खाल्लं काय?"

"भाकर. अंबाडीची भाजी."

"अन् त्याची बायको?"

"घरीच हाय."

"तिले बी न्यायला पायजे होतं त्यानं."

मले काय झालं ठाऊक नाही. बोलून गेली, "तिले नाही यायचं जी. जिथं कोनी मरत नाही, तिथं बाजेवरचा मानूस बी कधी सुटत नाही. अन् बाजेजवळची बाई बी नाही."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. सहा वर्सांत तसं पाह्यलं नोतं, मी त्याले हात लावे, तो आढ्याकडं पाहे. मंग म्हने, "आन भाकर." अर्धी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी कूस बदलवताना म्हने, "बाळापूरले जाऊन ये दोन दिवस. शेजारनीले सांग माह्याकडं पाहाले." शेजारनीच्या घरी लगन होतं, जमलं नाही. पन त्यानं इचारलं.

पोरीनं येऊन पुस्तक परत केलं. बुढा दिवाळीनंतर गेला. शेवटपर्यंत त्यानं त्या गावाचं नाव काढलं नाही, मीनंबी नाही.

आता मी अमरावतीले हाय, लेकाच्या घरी, तिसऱ्या माळ्यावर. सकाळी सारे कामावर जातात. दार उघडंच असते, पन गुडघे जिना उतरू देत नाही. खिडकीतून बस नाही दिसत, समोरच्या बिल्डिंगचे कपडे दिसतात. पोरीनं वही देल्ली, म्हने, लिही. तर बोट ठेवून वाचत होती तसंच बोट ठेवून लिहून राहिली.

वाचनाऱ्याले एकच मागनं हाय. तुमच्या घरात कोनी बाजेवर असंन तर त्याले वाचून दाखवा, तो सांगन तिथपर्यंत वाचा. अन् त्याच्याजवळ जे बाई बसली असंन, तिले एकदा इचारा, तुले कुठं जायचं हाय काय. नेता नाही आलं तरी चालते. इचारा.