बोटभर तेल

हे लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी एका चादरीच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करायचो. घरी वडलांनी दुसऱ्याकडून घेतलेली एक जुनी मोटार होती. थोरला भाऊ होटगीला रेल्वेत. गाडी चालवायची दादानं आणि खोलायची मी, अशी आमची वाटणीच होती.

एकदा मागच्या चाकातून ब्रेकचं तेल गळायला लागलं. सिलिंडरमधले रबरी वॉशर झिजले होते. दादानं नवे आणून दिले आणि कामावर जाताना बजावलं, "ब्रेकला ब्रेकचंच तेल. कमी पडलं तर थांब, संध्याकाळी मी आणतो."

वॉशर बदलून झाले. आता नळीतली हवा काढायची, म्हणजे एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी नट सैल करायचा. घरात फक्त अव्वा, आमची आई. ती पदर खोचून चालकाच्या जागी बसली.

"दाबू?"

"दाब. मी सांगितल्याबिगर सोडू नको."

"तुझ्या वडलांनी मला कधी पुढं बसू दिलं न्हाई. तू तर एकदम ड्रायव्हरच केलास की!"

"पाय घट्ट ठेव, अव्वा."

"घट्टच हाय. तूच आवर, चुलीवर आमटी हाय माझी."

हवा निघाली, पण तेल बोटभर कमी पडलं. आमच्या कारखान्यात एकच सवय: काही अडलं, कुरकुरलं, की मागाचं तेल सोडायचं. त्याची बाटली घरात होतीच. मी तेच ओतलं. तेलासारखं तेल, त्यात काय, असं वाटलं. त्यानं ब्रेकचं रबर फुगतं हे मला ठाऊक नव्हतं. पण दादानं थांब म्हटलं होतं, ते ठाऊक होतं. संध्याकाळी त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पुरलं."

चार दिवसांनी तो म्हणाला, "गाडी लई जड चाललीय रे. ब्रेक धरून ठेवल्यागत."

"नवे वॉशर हायत. बसतील."

एवढं बोलून मी जेवायला बसलो होतो. ते जेवण मला अजून आठवतं.

त्या रविवारी दादा अव्वाला मावशीकडं अक्कलकोटला घेऊन निघाला. एका पुलाच्या उतारावर समोर बैलगाडी आली. ती चुकवायला त्यानं गाडी कडेच्या चिंचेवर घातली. अव्वा त्याच्या शेजारी, पुढंच बसली होती. ती जागीच गेली.

दवाखान्यात दादानं डोळे उघडले ते माझ्याकडं बघत. "पाय पार खाली गेला रे. काही लागलंच न्हाई पायाला. मी ब्रेक समजून क्लच दाबला का? ब्रेक नीट होते ना?"

"होते, दादा."

गाडी ओढून घरी आणल्यावर मी एकट्यानं ब्रेक खोलले. वॉशर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगून फाटले होते, तेल सगळं गळून गेलं होतं. ते मी जाळले आणि गाडी भंगारात दिली.

दादा पुन्हा कधी गाडी चालवायला बसला नाही. एसटीत असला तरी उताराला त्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा, मग तो दोन्ही पायांकडं आळीपाळीनं बघत राहायचा. अव्वाच्या श्राद्धाला नातेवाईक जमायचे, हळू आवाजात म्हणायचे, "घाबरून भलताच पाय दाबला बिचाऱ्यानं." मी त्यांना वाढत असायचो. दरवर्षी वाटायचं, आज सांगावं. दरवर्षी आमटीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडं सरकायचो.

गेल्या महिन्यात सांगितलं. तो त्याच्या घरी ओसरीवर बसला होता. मागाचं तेल, फुगलेले वॉशर, जाळलेले वॉशर, सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल, हात उचलेल. मला ते हवंही होतं.

त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे मी ब्रेकच दाबला होता?"

"व्हय, दादा. ब्रेकच."

"परत सांग."

मी परत सांगितलं.

आतून वहिनी चहा घेऊन आली. माझ्याकडं न बघता तो तिला म्हणाला, "ह्याला चहा नको. घरी निघालाय तो."

मी तसं काही म्हणालो नव्हतो. उठलो, चपला घातल्या.