चिंचेतून वाचलेला राणीछाप रुपया

मंडळी, आत्ता तासाभरापूर्वी आमच्या मुलुंडच्या घरात जे पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझ्या आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे, राणीछाप चांदीचे रुपये आईकडे आलेत. दर लक्ष्मीपूजनाला ती ते चिंचेने घासून चकचकीत करते. आज त्यांची जुनी थैली टाकून देताना अस्तरात अडकलेला एक रुपया सापडला. काळाकुट्ट! आईने लगेच चिंच भिजत घातली.

तेवढ्यात शेजारचे सावंतकाका आले. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद. ते ओरडलेच, "वहिनी, घासू नका! घासलेलं नाणं आमच्यासारखे लोक घेत नाहीत."

"म्हणजे बाकीच्यांची मी वाट लावली?" आईचा चेहरा पडला.

काका तसेच मागे फिरले. घरून भिंग घेऊन आले. आधी घासलेला रुपया दाखवला. राणीचा चेहरा गुळगुळीत, सगळीकडे ओरखडे. मग काळा रुपया भिंगाखाली धरला.

"अगं, हिच्या कपड्यांवर फुलं आहेत! पाकळ्यासुद्धा दिसतायत!" आई म्हणाली.

मी पाहिलं. यार, अंगावर काटा आला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी एवढ्याशा जागेत एकेक पाकळी कोरली होती, आणि ती त्या काळ्या थराखाली अजून तशीच होती.

आई कितीतरी वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबांनी कधी ही फुलं पाहिली असतील का गं?"

मी भिजलेली चिंच बाजूला सारली. तुमच्या घरात आहे का असं काही, जे सगळ्यांनी हाताळलं, पण नीट कुणीच पाहिलं नाही?