पाहुण्यांची खुर्ची
उदबत्ती पेटवली की मला देव आठवत नाही, कानडी मुलखातल्या चामराजपेटेतली एक प्लास्टिकची खुर्ची आठवते. तिथे घरोघरी उदबत्त्या वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती मी आणि माझी मैत्रीण कॉलेजच्या एका अभ्यासासाठी घेत होतो. मी पुण्याहून आलेली, ती तिथलीच, कानडी मिसळलेलं मराठी बोलणारी. एकाच बाईला दोघींनी वेगवेगळं भेटून तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का बघायचं, अशी आमच्या सरांची पद्धत होती. एका बाईची उत्तरं अजिबात जुळेनात. मला ती म्हणाली होती, "नवरा चांगला आहे, काही त्रास नाही." मैत्रिणीपाशी मात्र त्याच नवऱ्याच्या दारूपायी ढसाढसा रडली होती. सरांनी मैत्रिणीचं कौतुक केलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. हिनेच तिच्या तोंडी शब्द घातले असणार! खरं-खोटं करायला मी मैत्रिणीला घेऊन पुन्हा त्या बाईच्या दारात गेले. "ये गं, स्वल्प सरकते मी," म्हणत तिने मैत्रिणीला चटईवर आपल्याशेजारी जागा केली. मला खुर्ची दिली, तीही पदराने पुसून. "मग मला वेगळं का सांगितलंत?" मी विचारलंच. ती हसली. "तुम्ही पाहुण्या, मॅडम. पाहुण्यांना कुणी रडगाणं ऐकवतं का?" आता मी वर्गात शिकवते, की दोन्ही उत्तरं खरीच असतात, फक्त विचारणारं कोण होतं तेही लिहायचं. मुलं मान डोलावतात. मला मात्र ती चटईवरची जागा अजूनही हवी आहे.